तिसरा अंक पाण्यात

आवळीबंदर, ता. मुरुड
११ जानेवारी २०२६

विन्या,

धाकट्या भावाला पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. तो या खेपेला राखून ठेवते. पत्र शेवटपर्यंत वाचलंस तर मग बघू.

फोनवर तू मला बंद करून ठेवलं आहेस, त्याला पाच वर्षं झाली. नूतनच्या फोनवरून केला तर आवाज ओळखून ठेवून दिलास. म्हणून हे पत्र. कामोठ्याचा पत्ता प्राप्तीनं दिला. माझ्या पोरीला मामाचा पत्ता ठाऊक आणि मला नाही, हेही त्या निमित्तानं कळलं.

यंदा शिमग्याला कोळीवाड्यात नाटक होणार आहे. तू गेलास तेव्हापासून झालं नव्हतं. आणि ते मी लिहिलंय. हसलास? हस. पंधरा वर्षं मी विंगेत उभी राहून तुम्हा बाप्यांना वाक्यं पुरवली. तू लुगडं नेसून राणी व्हायचास, मोक्याच्या जागी ओळ विसरायचास, मी आतून सांगायचे आणि टाळ्या तुला पडायच्या. बायका रंगमंचावर चढल्या तर दर्या कोपतो, असं अंबाजीकाका म्हणायचा. आम्ही न चढताच तो कोपलाय. तेव्हा आता चढायला हरकत नाही.

नाटक पुढच्या काळातलं आहे. साल २०४६. उधाणाचं पाणी देवळाच्या तिसऱ्या पायरीला लागलंय. सरकारी साहेब नोटीस घेऊन येतो की कोळीवाडा उचला आणि डोंगरापलीकडच्या चार मजली इमारतींत जा. होड्या तिकडे नेता येणार नाहीत. हे मी हवेतून काढलेलं नाही. गेल्या जुलैत उधाण मनुबाईच्या ओट्यावरून तिच्या चुलीत शिरलं. नोव्हेंबरात अवेळी पाऊस दोनदा आला आणि वलांडीवर वाळत घातलेले बोंबील कुजले, ते गाडायला खड्डा खणावा लागला. पूर्वीही उधाण यायचं, पण वाळूवर पसरायचं आणि परत जायचं. आता मध्ये हॉटेलची भिंत आहे. पाणी तिला धडकतं आणि वळून आपल्या घरांकडे येतं. ती भिंत कुठं आहे ते तुला सांगायला नको. बाबांच्या मासळी सुकवायच्या खळ्याला लागून.

तर नाटकाच्या दुसऱ्या अंकात एक भाऊ आहे. तो खळं विकतो आणि गाव सोडून जातो. नाव मी दुसरं ठेवलंय, पण आवळीबंदरात कोण फसणार? लोकांकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून ती पानं सोबत पाठवते. परवानगी मागत नाही. सांगते आहे.

नलू

३० जानेवारी

विन्या,

तुझं उत्तर पोचलं. पत्राला पत्र नाही, तुझ्या भावोजींच्या फोनवर एक ओळ. 'तिला सांगा ते पात्र काढ, नाहीतर बरं होणार नाही.' त्यांनी ती मला वाचून दाखवली. "काय लिवू?" म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही काही नका लिहू. ते पुन्हा जाळं सांधायला बसले. गुणाजी तांडेल म्हणजे कसा माणूस, तुला ठाऊक आहे. दर्यावर आवाज चढवेल, घरात नाही.

पात्र राहणार.

तालमी सुरू आहेत. दुपारी तीनला, मासळी उलटून टाकली की नूतनच्या अंगणात. नूतन म्हणजे सदाची सून, तू तिला लग्नातच बघितली असशील. ती नाटकातली बहीण करते. भाऊ सुजित करतो, हॉटेलात पर्यटकांना पाण्यावरच्या स्कूटरवर फिरवतो तो. आणि साहेब कोण, सांग? मनुबाई. सत्तरी उलटली, सही येत नाही, पण सुजितच्या लग्नातला कोट चढवून फाईल उघडली की बघणारे गप्प होतात. मी वाक्य लिहिलं होतं, 'शासन तुमच्या पाठीशी आहे.' ती तालमीत आपल्या मनानं पुढे म्हणाली, "पाठीशी हाय म्हनूनच पुढं ढकलतंय." तसंच ठेवलं.

परवा अंबाजीकाका आला. उत्सव कमिटीचा अध्यक्ष आता तोच. ओट्यावर बसून सगळं ऐकलं, मग म्हणाला, "नलू, नाटक झ्याक हाय. फकस्त तिसरा अंक काढ."

"का?"

"मांडव हाटेलवाले देतात, दिवे तेच देतात. त्यांच्या मांडवात त्यांचीच भिंत फोडनार व्हय?"

"नाटकातली भिंत ती, काका. मासळीच्या खोक्यांची."

"कसली का असंना. पान्यात राहून माशाशी वैर करू नये."

मनुबाई कोटातूनच म्हणाली, "आपनच मासं हाव, अंबाजी. वैर त्यांनी धरलंय."

तिसऱ्या अंकात काय आहे ते सांगते. कोळीवाडा साहेबाला म्हणतो, आम्ही हलायला तयार आहोत, पण आमच्या कायद्यानं. जो शेवटी आला तो आधी हलेल. आधी हॉटेलची भिंत, मग किनाऱ्यावरचे बंगले, त्यानंतर आम्ही. साहेब हसतो. मग बायका घण घेऊन भिंत फोडतात आणि त्याच दगडांनी घरांची जोती उंच करतात. खाडीच्या तोंडाला तिवरं लावतात. आतल्या गावातले शेतकरी येतात, ज्यांची भातशेती खाऱ्या पाण्यानं गेली ते. त्यांना बांध घालता येतो, आम्हाला पाण्याची चाल कळते. शेवटी साहेब परत येतो तेव्हा नोटीस द्यायला त्याला पायऱ्या चढून वर यावं लागतं.

काका म्हणाला, "असं कधी होत न्हाय." मी म्हटलं, म्हणून तर नाटक करायचं.

तिसऱ्या अंकाची पानं पाठवते. दुसरा रागानं वाचलास, हा सवडीनं वाच. तू भाऊ होतास म्हणून पाठवत नाही, नाटकवाला होतास म्हणून पाठवते.

नलू

१६ फेब्रुवारी

विन्या,

शनिवारी पोस्टमन जाड पाकीट देऊन गेला. मला वाटलं, पानं फाडून पाठवलीस. उघडलं तर दोन्ही अंक धड, आणि वर लाल पेन. चिठ्ठी नाही, खुशाली नाही. 'इथं टाळ्या येतील, थांब.' 'हे दोनदा आलंय.' 'साहेबाला एवढं बोलू देऊ नको, लोक त्याच्या बाजूला जातील.' 'पाणी आलं असं कुणी ओरडू नये. नुसते पाय वर घ्यावेत.' मी ओट्यावर बसून वाचत राहिले आणि कावळ्यांनी निम्मी वलांडी साफ केली.

भावाचं भाषण तर तू सगळंच खोडलंस. मी लिहिलं होतं, 'मला पैसा दिसला आणि मी आंधळा झालो.' त्यावर तू लिहिलंस, 'असं कुणी बोलत नाही. चोर स्वतःला चोर म्हणत नाही.' आणि खाली तुझ्या अक्षरात:

'वादळानं होडीचे दोन तुकडे केले. त्या दिवसापासून दर्याचा आवाज आला की मला झोप लागत नाही. लोक म्हणतात मी जागा विकली. जागा कुणाला हवी होती? मी दर्या विकला. मला तो नको होता.'

मला यातलं काही ठाऊक नव्हतं, विन्या. निसर्ग वादळाच्या दुसऱ्या सकाळी मी तुझ्यासोबत किनाऱ्यावर होते. तू वाळूतून एकेक फळी उचलून छातीशी धरत होतास. मला वाटलं, लाकूड वाचवतोयस.

भाषण घेतलं. तुझं नाव लावणार नाही, हवं तर भांड. पण एवढ्यानं भाऊ सुटत नाही. ज्याला दर्या नको त्यानं दूर जावं, दुसऱ्यांच्या दारात भिंत घालायला जागा देऊ नये.

काठावर तू आणखी एक ओळ लिहिली आहेस. 'सह्या दोन होत्या. दुसरी कुठाय?' वाचली. नाटकात सगळंच घालता येत नाही, प्रयोग लांबतो.

बाकी ठीक.

नलू

१ मार्च

विनेश,

मांडव गेला. कमिटीनं ठराव केला की देवाच्या उत्सवात तंटा नको. अंबाजीकाकानं तो स्वतः येऊन सांगितला, माझ्याकडे न बघता. दोन दिवसांनी सुजित आला. हॉटेलच्या मॅनेजरनं त्याला विचारलं होतं, नोकरी करायची आहे की नाटक? त्याच्या घरी खाणारी पाच तोंडं. मी त्याला तालमीतून मोकळं केलं.

हे सगळं मी सोसलं असतं. पण परवा तालमीत नूतननं तुझी पानं हातात घेतली. मीच दिली होती, कारण दुसरी प्रत नव्हती. वाचता वाचता ती थांबली.

"नलूआते, ही दुसरी सही म्हंजे कुनाची?"

मी म्हटलं, ते काठावरचं आहे, नाटकातलं नाही.

"पन सही कुनाची?"

आठ बाया बसल्या होत्या. खोटं जिभेवर आलं होतं, विन्या. पाच वर्षं तेच बोलत आले होते, तोंडात बसलं होतं. भावानं खळं विकलं. एवढंच म्हणायचे मी. 'मला न विचारता' असं कधी म्हटलं नाही, पण लोकांनी ते धरून घेतलं आणि मी धरू दिलं.

सांगितलं सगळं. खळं बाबांच्या मागं दोघांचं होतं. तुझ्या एकट्याच्या सहीनं ते विकलं जात नव्हतं. हॉटेलचा माणूस माझ्याकडे आला आणि म्हणाला, ताई, तुमच्या मुलीला आमच्याकडे रिसेप्शनच्या टेबलावर बसायचं काम देऊ. प्राप्ती तेव्हा शिकून घरात बसली होती, उगाच चिडचिड करायची. मी सही केली. पोरीनं आठ महिने काम केलं आणि पुण्याला निघून गेली. भिंत राहिली.

आणि हेही सांगितलं की त्या वर्षीच्या शिमग्याला बायांनी तुला पालखीला हात लावू दिला नाही, 'खळं विकलंस तसा देव पण विकशील' म्हणाल्या, तेव्हा मी दोन हातांवर उभी होते. तू माझ्याकडे बघितलंस. मी मान खाली घातली. तू दुसऱ्या दिवशी गाव सोडलंस.

मग मनुबाई म्हणाली, "पाच वर्सं त्या पोराला आमी शिव्या घातल्या, आन तू आयकत बसलीस?"

दोघीजणी उठून गेल्या, त्या परत आल्या नाहीत. मला वाटलं नाटक संपलं. मनुबाईनं कोट काढला, घडी केली, माझ्या मांडीवर ठेवला.

"आता हे नाटकात घाल. न्हाय घातलंस तर तुझा सायब तूच हो."

घातलंय. दुसऱ्या अंकात आता बहीणही सही करते, भावाच्या आधी.

मांडव नाही तर नाही. गुरुवारी द्वितीया आहे, भरती दीडला. सकाळी साडेदहाला वाळू मोकळी असते. भिंतीसमोरच्या वाळूवर करणार, उजेडात, दिव्यांशिवाय. ती वाळू कुणाच्या बापाची नाही. पहिले दोन अंक कोरड्यात होतील, तिसऱ्याला पाणी येईल. येऊ दे.

भावाची जागा रिकामी आहे. भाषण तुझं आहे, वाक्यं तुला पाठ आहेत. हिंमत असेल तर ये आणि कर. नसेल तर मी करीन. तू इतकी वर्षं लुगडं नेसून राणी झालास, मी एक दिवस लेंगा घालून विनेश होईन.

नलू

६ मार्च

विनेश,

तू आला नाहीस. पहिल्या अंकभर मी एसटीच्या थांब्याकडे बघत होते. मग तुझ्या भावोजींचा लेंगा-सदरा घातला.

माणसं किती आली ते सांगत नाही, फुगवून सांगते म्हणशील. आपला अख्खा कोळीवाडा होता, मुरुडच्या मोहल्ल्यातून मासळीचे व्यापारी आले होते आणि आतल्या गावांतली भातवाली माणसं टेम्पोनं आली होती. अंबाजीकाका कमिटीला घेऊन आला, तो बघायला नाही, नजर ठेवायला. पाच प्लास्टिकच्या खुर्च्या पुढे टाकून बसले.

पहिला अंक हसण्यात गेला. मध्येच हॉटेलचा मॅनेजर फाटकातून धावत आला. नवा माणूस आहे, आपल्याकडचा नाही. कोट घातलेली, हातात फाईल घेतलेली मनुबाई बघून तो थेट तिच्यापाशी गेला. "मॅडम, इनको परमिशन किसने दिया?"

मनुबाईनं चष्मा खाली घेतला. "अर्ज आनलाय का?"

"कौन सा अर्ज?"

"मग आना. लायनीत उभं ऱ्हा."

लोक इतके हसले की तो कुठं आलाय हे त्याला कळलं. परत गेला. जाता जाता त्यानं सुजितला पाण्यावरच्या स्कूटरी चालू करायला सांगितल्या, आमचा आवाज बुडावा म्हणून. आम्ही सगळे बघत होतो. सुजितनं चाव्या त्याच्या हातात ठेवल्या आणि येऊन आमच्यात वाळूवर बसला. भाऊ कर म्हटलं तर मान हलवली. "आते, आता तुमीच करा. तुमचंच हाय ते."

दुसरा अंक. नूतननं सही केली. मी तिला सांगितलं होतं की रडू नकोस, नुसतं पेनाचं टोपण लाव आणि पोरीला हाक मार, तुझी नोकरी पक्की झाली म्हणून. तिनं तसंच केलं. लोकांत कुजबुज झाली. गेल्या आठवड्यात ऐकलेलं खरं की काय ते आता त्यांच्यासमोर होतं. मागून कुणीतरी बाई ओरडली, "नलू, ही तूच ना गो?" मी भावाच्या कपड्यांत उभी. नाटकात उत्तर द्यायचं नसतं, तूच शिकवलंस. मी दिलं. "व्हय, मीच." मग पुढे होऊन तुझं भाषण म्हटलं.

'मी दर्या विकला. मला तो नको होता' पर्यंत आले आणि त्यापुढची मी लिहिलेली ओळ गेली. पंधरा वर्षं ज्या बाईनं दुसऱ्यांना ओळी दिल्या तिचीच गेली. विंग नव्हती, आत कुणी नव्हतं. मी नुसती उभी राहिले. टाळ्या पडल्या नाहीत. पण ज्या बायांनी तुला पालखीपासून हटवलं होतं, त्यांतली एक डोक्यावरचा पदर तोंडात धरून खाली बसली.

तिसऱ्या अंकाला पाणी घोट्याला आलं. तू लिहिलं होतंस तसं कुणी ओरडलं नाही, नुसते पाय वर घेतले. पण बघणाऱ्यांचेही पाय भिजले. भिंतीवर लाट आपटायची आणि वळून आमच्याकडे, मग त्यांच्याकडे यायची. जे मी पाच पानांत लिहिलं होतं ते एका लाटेनं सगळ्यांना दाखवलं. कमिटीनं खुर्च्या एकदा मागे घेतल्या. मग पुन्हा घेतल्या. तिसऱ्यांदा अंबाजीकाका उठला, खुर्ची वाहून जाऊ दिली आणि पाण्यात उभा राहिला. नाटकात आला नाही, टाळी वाजवली नाही. पण गेलाही नाही.

आमची खोक्यांची भिंत तर आधीच तरंगत गेली होती. मग बायांनी नाटकातले घण घेतले, लाकडाचे, आणि खऱ्या भिंतीवर मारले. ठक, ठक, ठक. त्यानं काय होतंय? दगडाला ओरखडाही आला नाही. पण भातवाल्या गावांतली माणसं उठली, मोहल्ल्यातली उठली आणि हातांनी मारायला लागली. मांडीभर पाणी झालं होतं. मनुबाईनं साहेबाचं वाक्य सोडून आमचंच शेवटचं म्हटलं, फाईल डोक्यावर धरून: "कायदा आयका. जो शेवटी आला तो आदी हलेल!" आणि पडदा नव्हता म्हणून आम्ही सगळे तसेच चालत घरांकडे आलो, पाण्यातून.

संध्याकाळी भावोजी म्हणाले, "आता नाटकानं भागनार न्हाय. कागद कर."

कागद केला.

नलू

२२ मार्च

विनेश,

काल तुझा मेसेज आला. माझ्या फोनवर, पाच वर्षांनी. 'तिसऱ्या अंकात घाई केलीस.' म्हणजे कुणीतरी काढलेला व्हिडिओ तू बघितलास. घाई मी नाही केली, भरतीनं केली. दीडची वेळ मी तिला दिली नव्हती.

आता कामाचं ऐक. भिंतीच्या तक्रारीचा अर्ज कचेरीत दिला आहे. त्यावर कोळीवाड्यातल्या घराघरांतून सह्या आहेत, मनुबाईचा अंगठा आहे. अंबाजीकाकानं सही केलेली नाही. "इचार करतो," म्हणाला. करू दे.

अर्जात मी लिहिलंय की खळं सुरूच्या झाडांपर्यंतच होतं, आम्ही तेवढंच विकलं, आणि भिंत त्याच्या पुढे, सगळ्यांच्या वाळूवर आहे. वादळात सुरू पडले, त्यांचे बुंधेही हॉटेलवाल्यांनी उपटले. ती ओळ कुठून जात होती हे आता दोनच माणसांना दाखवता येईल. बाबांच्या पाठोपाठ जी दोन माणसं रोज तिथून चालत गेली, तीच. मी एकटीनं दाखवली तर हॉटेलचा वकील म्हणणार, हीच बाई सही करते, हीच नाटक करते, हिचं काय ऐकायचं?

मोजणीवाले सोमवारी, ३० तारखेला येणार आहेत, सकाळी दहाला. अर्जात तुझं आणि माझं, दोघांचं नाव विकणारे म्हणून लिहिलंय. खरं ते लिहिलं. तेव्हा तू आलास काय नि न आलास काय, नाव असणारच आहे. पण आलास तर हद्द दाखवणारा म्हणून असेल.

मी तुझी माफी मागायला हवी. ती पत्रात मागणार नाही. पालखीपाशी मान खाली घातली ती चारचौघांत घातली होती, तेव्हा माफीही चारचौघांतच मागेन. त्यासाठी तुला यावं लागेल.

आणि लोक काय म्हणतील याची काळजी करू नकोस. शिव्या घालणार आहेत. मलाही घातल्या, अजून घालतात, मासळी मात्र माझ्याकडचीच घेतात. तू ये. शिव्या खाऊन झाल्या की मोजणीला लागू.

आशीर्वाद.

तुझी बहीण
नलू